आधी सांग, मग दार

माणूस शंभर वॅटचा असतो हे मला वरवंडला कळलं, आणि मी त्यात जेमतेम साठच भरतो हेही तिथंच कळलं. दोन्ही सांगणारा माणूस एकच होता. माझा घरमालक. म्हणजे घराचा नव्हे, गोडाऊनचा मालक. अख्खं वरवंड त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही चाचाच म्हणायला लागलो.

गोडाऊन बघायला पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझं नावगाव काही विचारलं नाही. लोखंडी खुर्चीत ते मावत नव्हते, तरी बसले होते. मला खालून वर आणि वरून खाली बघून घेतलं, माझं मनगट दोन बोटांत धरलं आणि म्हणाले, "साठ."

"साठ काय?"

"वॅट. बंद खोलीत माणूस कोंडला की बल्बावानी तापतो. चांगला खातापिता गडी शंभरचा आसतो. तू साठचा हायेस. बायको जेवायला घालती का न्हाई?"

मी तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. खिशाला पेन होतं. कालपरवापर्यंत रांजणगावच्या एका कंपनीत खरेदी विभागात लोक मला साहेब म्हणत होते. त्या साहेबाचा हिशेब या माणसानं स्वयंपाकघरातल्या बल्बाइतका करून टाकला. मला राग आला, पण गोडाऊन रस्त्याला लागून होतं आणि भाडं परवडणारं होतं, त्यामुळे राग गिळला. साठ वॅटच्या माणसाला राग गिळणं जड जात नाही.

मी मूळचा भीमेपलीकडचा, मांडवगण फराट्याचा. आमच्याकडं भावकीत सगळे निशिगंध लावायचे. निशिगंध रोज तोडावाच लागतो, आणि बाजार मात्र रोज भाव देत नाही. लग्नाची तीथ असली की सोन्याचं मोल, नसली की टोपलीसकट उकिरड्यावर. मी कंपनीत खुर्चीवर बसून असा विचार केला, की फुलं दोन-तीन दिवस गार ठेवली आणि तिथीला पुण्याला धाडली तर सगळ्यांचंच भलं होईल. साधं गणित होतं. साधी गणितं मला जन्मभर नडत आली आहेत.

हिला सांगितलं तर ही म्हणाली, "घरातल्या फ्रीजचं दार नीट लागत नाही, ते आधी बघा." वडिलांना, म्हणजे आबांना सांगितलं, तर त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणाले, "येक लगीनसराई. जमलं तर जमलं. न्हाई तर गुमान कंपनीत जायचं, आन् पुन्यांदा फुलाचं नाव काढायचं न्हाई." कंपनीतल्या साहेबांनीही जूनपर्यंत खुर्ची राखून ठेवतो म्हणून सांगितलं होतं. भावकीनं तोंडी शब्दावर फुलं द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे एका उन्हाळ्यात मला फुलं टिकवून दाखवायची होती, नाही तर मान खाली घालून परत त्याच खुर्चीत बसायचं होतं.

विकतची शीतखोली घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून स्वतःच बांधली. तिचा लोखंडी सांगाडा पाबळला फॅब्रिकेशन शिकून आलेल्या माझ्या मावसभावानं केला. तो उत्तम होता. बाकी सगळं मी केलं.

प्लायवूडच्या दोन भिंतींमध्ये थर्माकोल भरला, दौंडच्या बंद पडलेल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातून जुनं मशीन आणलं आणि गोडाऊनच्या आतच ही खोली उभी केली. मशीनचे दोन भाग असतात. एक आत गारवा सोडतो, दुसरा बाहेर गरम हवा फेकतो. बाहेरचा भाग भिंतीबाहेर बसवावा असं मेकॅनिक म्हणत होता. मी म्हटलं, चोरीला जाईल. तोही मी गोडाऊनमध्येच बसवून घेतला, वर साखळी घालून कुलूप लावलं. माझ्या हुशारीवर मीच खूश झालो. आठवड्याभरात गोडाऊनमध्ये असा उकाडा झाला की मांजरसुद्धा तिथं बसेना. मशीन चोवीस तास धापा टाकायचं. मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला शीतखोलीत नेऊन आतल्या जाळीवर धरलेला बोटभर जाड बर्फ दाखवायचो. माझ्या मते तो माझ्या यशाचा पुरावा होता.

चाचांनाही मोठ्या रुबाबात बोलावलं. ते दारापर्यंत आले आणि तिथंच थांबले. मानेनंच आत डोकावले.

"त्यो बर्फ कशापायी ठिवलाय?"

"ठेवला नाही, आपोआप धरलाय. एवढं गार होतं बघा."

"साहेब," ते म्हणाले. चाचा रागावले की मला साहेब म्हणायचे आणि खूश असले की लेका, हे मला पुढं समजलं. "मशीनला गोधडी पांघरलीय तू. गारवा गोधडीच्या आत, फुलं गोधडीच्या भाईर. आन् मशीनचं गरम त्वांड घरात. म्हंजी घरात चूल पेटवायची आन् तिच्याम्होरं माठ ठिवून पानी गार व्हायची वाट बघायची. कंपनीत हेच शिकावलं व्हय?"

मग त्यांनी विचारलं, आत उजेड कसला? मी सांगितलं, बल्ब आहे, शंभरचा, कायम चालू असतो. फुलं नीट दिसावीत म्हणून. चाचांनी डोळे मिटून घेतले. 

चाचांची सारी नोकरी दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झाली होती. आंबे, मासळी, मावा, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत बर्फात आणि भुशात बांधून जायचं. पण गारव्याचं ज्ञान आपल्याला नोकरीनं दिलं नाही, बहिणीच्या लग्नानं दिलं, असं ते सांगायचे. ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की स्टेशनंसुद्धा क्रमानं पाठ झाली. लग्न कुर्डुवाडीला होतं, दिवस मे महिन्याचे. वऱ्हाडाला थंड शरबत पाजायचं म्हणून चाचांनी दौंडहून बर्फाची लादी भुशात घालून, पोत्यात शिवून, स्वतः बरोबर नेली. लादी नीट आहे का, हे बघायला भिगवणला पोतं उसवलं. नीट होती. जेऊरला पुन्हा उसवलं. केमला उसवलं. कुर्डुवाडीला उतरले तेव्हा हातात ओला भुसा होता.

"उन्हानं न्हाई गेला बर्फ," चाचा सांगत. "भुशानं बी धोका न्हाई दिला. म्या बघितलं म्हून गेला. समद्या वऱ्हाडानं गरम शरबत पिलं, आन् बहीण आजून बोलून दाखवती."

त्या पोत्यावरून चाचांनी आमच्या शीतखोलीचा कायदा केला. दार उघडण्याआधी काय पाहिजे ते मोठ्यानं सांगायचं. कोणती पेटी, कोणत्या बाजूची, कुणाची. दारात उभं राहून विचार करायचा नाही. "आधी सांग, मग दार," ते म्हणायचे. ज्याला सांगता यायचं नाही त्याला ते दार उघडू द्यायचे नाहीत, मग तो मालक का असेना. मालक म्हणजे मीच. मी निम्म्या वेळा दारापाशी जाऊन विसरायचो काय आणायला आलोय ते. मग खालमानेनं परत जायचो, आठवायचो आणि शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसा येऊन म्हणायचो, "आप्पांची निशिगंधाची पेटी, डाव्या हाताला, खालची." आमच्याकडं फुलं घेऊन येणारे लोक हे बघायला मुद्दाम थांबायचे.

दुसरा कायदा वॅटचा. आत जाणारा माणूस जितका कमी वॅटचा, तितकं बरं. टेंपोचा ड्रायव्हर चांगला दणकट होता. चाचांनी त्याचं नाव हॅलोजन ठेवलं. "हॅलोजन, तू रस्त्यावरच थांब. हितनं तुझी आच लागती." हमाल शंभरचे, तेही बाद. राहिलो मी. अख्ख्या वरवंडात आत जाण्याची लायकी असलेला साठ वॅटचा एकमेव माणूस. अशा रीतीनं कंपनीतली खुर्ची सोडून स्वतःचा धंदा काढलेला मालक स्वतःच्याच गोडाऊनमध्ये पेट्या वाहायला लागला, आणि हमाल बाहेर बिड्या ओढत बसले. आबा एकदा मांडवगणहून आले तेव्हा त्यांनी हे दृश्य बघितलं. नुसतं टोपी काढून डोकं खाजवलं.

चाचा स्वतः कधीच आत जात नसत. "मी दोनशेचा," ते सांगायचे. ही शीतखोली सुधारण्यासाठी ज्यानं जिवाचं रान केलं, त्यानं ती आतून पाहिलीच नव्हती. मी पेटी घेऊन बाहेर आलो की ते मला जवळ बोलवायचे, माझी बाही नाकाशी धरायचे आणि वास घ्यायचे. त्यावरून त्यांना म्हणे आतलं सगळं कळायचं. "उजव्या कोपऱ्यात वारा पोचंना. पेट्या भितीपास्नं लांब घे." मी लांब घ्यायचो. बऱ्याचदा त्यांचं बरोबर निघायचं.

बऱ्याचदा म्हणालो, नेहमी नाही. चाचांच्या डोक्यात शास्त्र आणि वेड एकाच खाटेवर झोपायचं, आणि सकाळी आधी कोण उठेल याचा भरवसा नसायचा. मशीनचं गरम तोंड त्यांनी भिंत फोडून बाहेर काढायला लावलं. दाराच्या फटींना सायकलची जुनी ट्यूब कापून चिकटवली. दाराच्या आत रेल्वेची जुनी घोंगडी पडद्यासारखी टांगली. हे सगळं उत्तम होतं. मग एक दिवस म्हणाले, निळा रंग थंड असतो, आतून निळा मार. मी मारला. दोन दिवस सगळ्या निशिगंधाला ऑइलपेंटचा वास येत होता. पुण्याच्या व्यापाऱ्यानं फोन करून विचारलं, फुलं शेतातली आहेत का हार्डवेअरच्या दुकानातली? चाचांनी हार मानली नाही. "पुन्याची लोकं फूल बघत्यात. हुंगतंय कोन?"

गोडाऊनच्या पत्र्यावर त्यांनी दुधीचा वेल चढवला. पत्रा तापला नाही, हे कबूल करायला हवं. पण दुधी इतके लागले की भाड्याच्या पावतीबरोबर चाचा दोन दुधी द्यायचे आणि भाडं घ्यायच्या आधी दुधी घेतल्याची खात्री करायचे. आमच्या घरी तो उन्हाळा दुधीचा गेला. भाजी, थालीपीठ, हलवा, शेवटी रस. ही एक दिवस ताट माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "तुमची फुलं गार राहिली असतील. मी नाही राहिले."

दारापाशी चहा प्यायला बंदी होती, कारण चहा गरम. भांडायला बंदी होती, कारण भांडणारा माणूस दुपटीनं तापतो. एकदा माझा चुलतभाऊ फुलांच्या दरावरून चिडून रडवेला झाला, तर चाचांनी त्यालाही उठवलं. "रडनं बी गरमच आसतं. त्या तकडं जा." तकडं म्हणजे रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली. वरवंडमधली आमच्या धंद्याची सगळी भांडणं, सगळा चहा आणि सगळं रडणं त्या चिंचेखाली झालं.

त्याच चिंचेचे चिंचोके ओवून त्यांनी एक माळ केली होती. नमाजाची तसबीह वेगळी, ती खिशात. चिंचोक्यांची माळ मीटरसाठी. तेव्हाच्या वीजमीटरमध्ये एक चकती गरगर फिरायची आणि तिच्यावर एक तांबडी खूण असायची. चाचा मीटरसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि खूण दिसली की एक चिंचोका पुढं सरकवायचे. माळ संपायला किती वेळ लागतो त्यावरून आमच्या शीतखोलीची तब्येत ठरायची. मी दिवसभर कितीही मरमर केली तरी संध्याकाळी निकाल लागायचा तो माळेचाच. चकती हळू फिरली असली की, "जेव जा लेका." जोरात फिरली असली की, "साहेब, आज दारात उभं राहून कुनाशी गप्पा मारल्या?"

मारलेल्या असायच्या.

दुपारच्या वेळी वीज जायची ती तासन्‌तास यायची नाही. ते दिवसच भारनियमनाचे होते. माझ्या गणितात वीज जाणं धरलेलंच नव्हतं. चाचांनी शीतखोलीत भिंतीच्या कडेनं पाण्यानं भरलेले माठ मांडायला लावले. लोकांना वाटलं आत पाणपोई काढली. पण मशीन चालू असताना ते माठ गार व्हायचे आणि वीज गेल्यावर तोच गारवा हळूहळू परत द्यायचे. शिवाय शेतातून आलेली फुलं लगेच आत न्यायची नाहीत, आधी चिंचेखाली ओल्या गोणपाटावर निववायची, हाही नियम झाला. "ऊन आंगावर घिऊन घरात येनाऱ्याला आपन आधी पानी देतो का न्हाई? फुलाला बी दे."

लग्नसराईतली शेवटची मोठी तीथ जवळ आली. आबांनी सांगून ठेवलं होतं, मी त्या दिवशी येतो, टेंपो सुटेपर्यंत बसतो आणि मग काय ते ठरवू. भावकीनं तीन दिवसांचा सगळा निशिगंध माझ्याकडं घातला होता. शीतखोली खच्चून भरली होती. टेंपो संध्याकाळी निघणार होता. सकाळी वीज गेली.

दुपार झाली तरी आली नाही. चाचांनी दाराला खुर्ची टेकवून ठाण मांडलं. "आता टेंपो येस्तवर ह्ये दार कुनासाठी उघडायचं न्हाई. आल्ला मियाँ आला तरी आधी काय पायजे ते सांगंल."

मी काय केलं? घरातला शहाणा माणूस जे करणार नाही ते केलं. वीज कधी येणार हे विचारायला मोटारसायकल काढून भर उन्हात वीज मंडळाच्या ऑफिसात गेलो. तिथं कुणी नव्हतं. जनरेटर भाड्यानं मिळतो का बघायला चौफुल्याला गेलो. मंडपवाले तो लग्नाला घेऊन गेले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, डोक्याला रुमाल नव्हता. परत येऊन गाडी लावली, आबा चिंचेखाली बसलेले दिसले, त्यांना सांगायला तोंड उघडलं की काळजी करू नका, आणि तिथंच आडवा झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा मिट्ट काळोख होता. अंगाखाली गार, अंगावर लोकरीचं काहीतरी, आणि चारही बाजूंनी निशिगंधाचा घमघमाट. मला कळून चुकलं की मी मेलो आहे. आश्चर्य वाटलं ते एकाच गोष्टीचं, की भावकीनं माझ्यासाठी इतकी फुलं घातली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नातेवाइकांबद्दल भरून आलं. हुंदका द्यावा म्हणून हललो, तेवढ्यात कानाशी आवाज आला.

"हलू नगंस. हाललास की वॅट वाढतो."

माझ्या शेजारी चाचा बसले होते. भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन, अंग जेवढं चोरता येईल तेवढं चोरून. दार बंद होतं. माठातल्या पाण्यात बुडवलेला त्यांचा रुमाल माझ्या कपाळावर होता आणि अंगावर पडद्याचं घोंगडं होतं.

"चाचा, तुम्ही आत?"

"मग काय करू? म्या तुला वढत आनला. तुझा बा म्हनला उघडाच ऱ्हाऊ द्या दार, पोराला वारा लागंल. म्या म्हनलं, दार उघडं ऱ्हायलं तर फुलं बी जात्याल आन् गारवा बी, मग पोराला काय लावायचं? तवा दार लावून घेतलं आन् बसलो तुझ्यापाशी. येकटा कसा सोडू?"

"पण फुलं..."

"मरू दे फुलं. आंग असं तापलं हुतं तुझं, पार दीडशेचा झाला हुतास." थोड्या वेळानं ते म्हणाले, "मी दोनशे, तू दीडशे. साडेतीनशे वॅट फुलांत घिऊन बसलोय. कुनाला सांगू नगंस."

काळोखात त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या अवाढव्य देहातला श्वास ते अगदी हळूहळू सोडत होते, फुलांना वाफ लागू नये म्हणून. जिवंत असल्याचा मला त्या क्षणी जितका आनंद झाला तितका नंतर कधीही झालेला नाही.

संध्याकाळी टेंपो आला. आबांनी बाहेरून दार वाजवलं. आतून चाचा ओरडले, "काय पायजे? आधी सांगा." आबा गडबडले. आयुष्यभर कुणाला उत्तर न देणारा माझा बाप दारापाशी उभा राहून म्हणाला, "पोरगं पायजे माझं."

मग दार उघडलं.

आम्ही बसलो होतो त्याच्या आसपासच्या पेट्यांतल्या कळ्या उमलल्या होत्या. त्या पुण्याला गेल्या नाहीत. दौंडच्या हारवाल्यांनी नेल्या. बाकी सगळा माल जसाच्या तसा टवटवीत निघाला. हॅलोजननं पेट्या टेंपोत चढवल्या. त्या दिवशी त्याला कुणी लांब उभं केलं नाही. टेंपो गेल्यावर आबांनी टोपी घातली आणि म्हणाले, "कंपनीत सांगून टाक, येत न्हाई म्हून. पर येक ध्यानात ठिव. ही खोली तुझी न्हाई. त्यांची हाय." हे मला आधीपासून माहीत होतं. चाचांनी मात्र ऐकलं आणि घाईघाईनं मीटरसमोर जाऊन बसले. वीज अजून आलेली नव्हती, चकती थांबलेलीच होती, तरी ते बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले.

पुढं धंदा चालला. फार मोठा झाला नाही, मीही फार मोठा झालो नाही, पण चालला. मीटर बदलून नवा आला, त्यात चकतीऐवजी लुकलुकणारा दिवा होता. चाचांनी त्याला मीटर मानायचंच नाकारलं. त्यांची माळ खुंटीला लागली. मग त्यांना साखरेनं धरलं, आणि मुलगी त्यांना दौंडला तिच्या घरी घेऊन गेली. मी अधूनमधून जायचो. प्रत्येक वेळी ते आणखी कमी झालेले दिसायचे.

एका उन्हाळ्यात जावयाच्या जीपमधून ते वरवंडला आले. न सांगता आले. त्यांना उतरवून घेताना हाताला वजन लागलंच नाही. शर्ट त्यांचाच होता, पण आत दुसराच कुणीतरी असल्यासारखा. काठी टेकत ते सरळ शीतखोलीच्या दारापाशी गेले. मी धावत खुर्ची आणली. ते बसले नाहीत.

"लेका," ते म्हणाले, "मनगट धर."

मी दोन बोटांत त्यांचं मनगट धरलं. दोन बोटांत मावून उरलं.

"किती?"

मी मनगट सोडलं नाही.

"झिरोचा बल्ब," चाचा म्हणाले आणि हसले. "आता मला आत जायला हरकत न्हाई. उघड."

मी कडीला हात घातला. तर माझ्या हातावर काठीचा हलका फटका बसला. मी त्यांच्याकडं बघितलं. ते वाट बघत होते. मग माझ्या लक्षात आलं आणि मी विचारलं, "काय पाहिजे, चाचा?"

"काय नगं. निस्तं बघून यायचंय."

मी दार उघडलं, त्यांना आत घेतलं आणि मागून दार लावून घेतलं. आत आता बॅटरीच्या उजेडात काम चालायचं. त्यांनी ती विझवायला लावली. काळोखात ते एकेका माठावर हात ठेवत गेले. पेट्या भिंतीपासून लांब आहेत का ते चाचपून पाहिलं. निळ्या भिंतीला नाक लावलं. "आजून रंगाचा वास येतोय," म्हणाले. येत नव्हता. पण मी हो म्हणालो.

बाहेर आल्यावर ते खुर्चीत बसले. खुर्चीत आता जागा उरत होती. त्यांनी हळूच स्वतःची बाही नाकाशी नेली आणि डोळे मिटून वास घेतला. आजवर माझी बाही हुंगत आले होते. स्वतःची पहिल्यांदाच.

"मी आत हुतो तवा चकती किती फिरली?"

चकती केव्हाच गेली होती. मी म्हणालो, "फिरलीच नाही, चाचा. जागची हलली नाही."

ते माझ्याकडं रोखून बघत राहिले. आता साहेब म्हणणार असं मला वाटलं.

"खोटं बोलतोस लेका," ते म्हणाले. "झिरोचा आसला तरी बल्ब हाय. थोडी तरी फिरली आसंलच."

पाऊस पडायच्या आधी दौंडहून निरोप आला. जावयाचा फोन होता, दुपारनंतर माती देणार म्हणाला. ही म्हणाली, फुलं घेऊन जा. मी गोडाऊनला गेलो. हमाल जेवायला गेले होते. शीतखोलीपुढं उभा राहिलो, कडीला हात घातला आणि थांबलो. विचारायला कुणी नव्हतं. तरीही मी मोठ्यानं म्हणालो, "निशिगंध. उजव्या हाताची वरची पेटी. चाचांसाठी."

मग दार उघडलं, पेटी घेतली, दार लावलं, कडी ओढून बघितली. तिथं थांबलो नाही. पेटी उचलून रस्ता ओलांडला, चिंचेखाली गेलो, आणि मग रडलो.